कोर्ट फी परवडत नाही म्हणून हक्काची बाकी सोडू नका

पत्र

नमस्कार ताई,

मी साखळीजवळच्या गावातून लिहिते आहे. माझे मिस्टर खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या आणि कर्ज फेडता फेडता ट्रक विकावा लागला. तेव्हापासून मी घरी जेवण करून डबे देते. ऑगस्ट २०२३ ते मार्च २०२४ या काळात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या कामगारांना दोन वेळचं जेवण पुरवलं. महिन्याचं बिल पुढच्या महिन्याच्या १० तारखेला द्यायचं असं ठरलं होतं. सुरुवातीला थोडे थोडे पैसे आले, मग नुसते वायदे. आता २ लाख ७० हजार रुपये येणं आहे. डब्यांची वही माझ्याकडे आहे, तीवर त्यांच्या सुपरवायझरची रोजची सही आहे. व्हॉट्सॲपवर कंत्राटदाराचा ‘दिवाळीनंतर बघतो’ असा मेसेजही आहे.

एका वकिलांना विचारलं तर कोर्ट फी आणि त्यांची फी मिळून सुरुवातीलाच बरेच पैसे लागतील म्हणाले. तेवढे माझ्याकडे नाहीत. शेजारचे सांगतात, सरपंचाकडून गरिबीचा दाखला आण, फी माफ होते. माझ्या नावावर काहीच नाही. घर सासऱ्यांचं होतं, आता मिस्टरांच्या नावावर आहे. वकील न करता आणि फी न भरता मला स्वतः केस घालता येईल का? कोर्टात जाऊन फुकट मागायचं म्हणजे लाजही वाटते. आणि हरले तर सगळं माझ्याच अंगावर येईल का?

— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर

वहिनी,

तुमचे सगळे प्रश्न घेते, पण आधी मला ज्याची काळजी लागली आहे ते सांगते. ते तुम्ही विचारलेलंच नाही: मुदत.

उधारीच्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत घालावा लागतो. १९६३ चा मुदत कायदा आहे तो. ही तीन वर्षं शेवटच्या डब्यापासून मोजतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. तुमच्या बाबतीत तसं धरून चालू नका. तुमचं दर महिन्याचं बिल वेगळं होतं आणि ते पुढच्या महिन्याच्या १० तारखेला देणं होतं, त्यामुळे प्रत्येक बिलाची मुदतही वेगळी चालते. ऑगस्ट २०२३ चं बिल १० सप्टेंबर २०२३ ला देणं होतं, म्हणजे त्याची मुदत १० सप्टेंबर २०२६ ला भरते. सप्टेंबरच्या डब्यांची १० ऑक्टोबरला, आणि असंच पुढे. मार्च २०२४ च्या बिलाला एप्रिल २०२७ पर्यंत वेळ आहे म्हणून निवांत राहिलात तर आधीच्या महिन्यांचे पैसे एकेक करून कायद्याच्या दृष्टीने बुडत जातील. कंत्राटदाराला नेमकं तेच हवं असणार. ‘दिवाळीनंतर बघतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या किती दिवाळ्या जातात ते आपण सगळेच पाहतो.

मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने स्वतःच्या सहीने ‘इतकी बाकी आहे’ असं लिहून दिलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. तुमच्या वहीतल्या सह्या सुपरवायझरच्या आहेत. डबे पोहोचले हे त्या दाखवतात, पण मालकाच्या वतीने कर्ज कबूल करायचा अधिकार त्याला होता का, यावर समोरचा वकील वाद घालणार. व्हॉट्सॲपवरचं ‘बघतो’सुद्धा मोघम आहे. त्यात रक्कम नाही, देणं लागतो असंही म्हटलेलं नाही. म्हणून माझं ऐका: नवी मुदत मिळेल या भरवशावर राहू नका, जुन्याच तारखा डोळ्यांपुढे ठेवा. वकिलामार्फत नोटीस पाठवली म्हणूनही मुदत थांबत नाही. आणि ज्या मोबाईलवर तो मेसेज आहे, तो विकू नका, बदलू नका. मोबाईलमधला पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली एक प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतील, पण मूळ फोन हाताशी असला की वाद कमी होतात.

आता फीकडे येऊ. वकिलांनी तुम्हाला दोन खर्च एकत्र करून सांगितले. हे वेगळे करून घ्या. कोर्ट फी सरकारजमा होते आणि पैशांच्या दाव्यात ती मागणीच्या रकमेवर ठरते. गोव्यात यासाठी १८७० चा कोर्ट फी कायदा इथल्या दुरुस्त्यांसह चालतो. महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा कायदा वेगळा आहे, म्हणून कोल्हापूर-बेळगावकडच्या नातेवाइकांनी सांगितलेले आकडे धरू नका. तुमच्या रकमेवर नेमकी किती फी होते हे डिचोली कोर्टाच्या फायलिंग काउंटरवर विचारलं तर सांगतात. दुसरा खर्च वकिलांच्या स्वतःच्या फीचा. तो त्यांचा आणि तुमचा व्यवहार, त्याचा सरकारी फीशी संबंध नाही. माझा अनुभव असा की पक्षकार ज्या आकड्याला घाबरून परत फिरतात, त्यात कोर्ट फीचा वाटा बहुतेक वेळा त्यांना वाटतो त्यापेक्षा लहान असतो.

तरीही एक गोष्ट मला मनापासून खटकते. ज्याचे जास्त पैसे बुडाले त्याने तक्रार करायलाच जास्त पैसे भरायचे, हा हिशेब गरिबाच्या बाबतीत अन्यायाचा आहे. कायद्यानेही ते ओळखलं आहे आणि त्यासाठी वाटा ठेवल्या आहेत. तुमच्यासाठी त्यातली पहिली आणि सगळ्यात सोपी वाट कुणी सांगितलेली दिसत नाही.

तुम्ही बाई आहात, एवढ्यावरच तुम्हाला मोफत कायदेशीर मदत मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आहे. त्यात मदतीला पात्र लोकांची यादी आहे: अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, आपत्तीत सापडलेले आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले. त्या यादीत स्त्रिया आणि मुलं यांच्यापुढे उत्पन्नाची अट नाही. तुमच्या मिस्टरांना उद्या चांगला पगार सुरू झाला तरी तुमचा हा हक्क जात नाही. सरपंचाच्या दाखल्याची इथे गरज नाही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि प्रकरणाचे कागद पुरतात. दाव्यात सकृद्दर्शनी दम आहे की नाही तेवढं ते पाहतात, आणि तुमच्याकडे रोजच्या सहीची वही आहे.

अर्ज कुठे करायचा? तालुका विधी सेवा समिती तुमच्या डिचोलीच्या कोर्टातच बसते. वर उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा देशभरचा मोफत फोन नंबर आहे, त्यावर आधी विचारूनही घेता येतं. अर्ज स्थानिक भाषेत चालतो, म्हणून मराठीत लिहायला संकोच करू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं तिथल्या माणसाने उतरवून घ्यायचं असतं. अर्जावर जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. म्हणून अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. अर्ज नाकारला तर त्याच प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते.

आणि हे नीट वाचा. अर्जात ‘मला वकील द्या’ एवढंच लिहून थांबू नका. कोर्ट फी, समन्सची फी, टायपिंग, भाषांतर, दाखल प्रतींचा खर्च हे सगळं या मदतीत येतं. पण मागितलं नाही तर फक्त वकील नेमून मिळतो, आणि फीचा प्रश्न पुन्हा तुमच्यापाशी येतो. म्हणून स्पष्ट लिहा: ‘मला वकिलाबरोबर कोर्ट फी व इतर खर्चासाठीही मदत हवी आहे.’ नेमून दिलेल्या वकिलाला तुम्ही एक रुपयाही द्यायचा नसतो. ‘चहापाण्याला द्या’, ‘झेरॉक्सचे द्या’ असं कुणी म्हणालं, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. वकील बदलूनही मागता येतो.

लाजेबद्दल लिहिलंत, ते वाचून मला वाईट वाटलं. आठ महिने पहाटे उठून परक्यांच्या पोटाची सोय केलीत आणि पैसे मागायची लाज तुम्हाला वाटते आहे. १९७६ मध्ये संविधानात ३९-अ हे कलम घातलं गेलं. पैसा नाही म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, याची तजवीज सरकारने करावी असं ते म्हणतं. समितीच्या खोलीत जाऊन अर्ज देणं हे रेशनकार्ड काढण्यासारखंच काम आहे. तिथे कुणी तुमच्यावर उपकार करत नाही.

दुसरी वाट शेजाऱ्यांनी सांगितलेल्या ‘फी माफी’ची. ती खरी आहे, पण त्यांनी सांगितली तितकी सोपी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३३ आहे. कोर्टातले लोक त्याला ‘ऑर्डर थर्टी-थ्री’ म्हणतात. ज्याच्याकडे दाव्याची फी भरण्याइतकं साधन नाही, त्याला निर्धन व्यक्ती म्हणून फी न भरता दावा चालवायची परवानगी कोर्ट देऊ शकतं. विधी सेवेतून फीची सोय झाली तर याची गरज पडणार नाही. नाही झाली, किंवा उशीर होऊ लागला, तर ही वाट हाती ठेवा. मुदतीच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा आहे: तुम्ही परवानगीचा अर्ज ज्या दिवशी दाखल करता, त्याच दिवशी दावा घातला असं धरलं जातं. मंजुरीला कितीही महिने लागले तरी ते दिवस तुमच्या मुदतीतून जात नाहीत.

इथे सरपंचाचा दाखला फार तर एक कागद म्हणून जोडता येईल. मामलेदाराकडून घेतलेला उत्पन्नाचा दाखला जास्त उपयोगी. पण कोर्ट दाखल्यावर निर्णय देत नाही, मालमत्तेच्या यादीवर देतं. अर्जाला तुमच्या सगळ्या मालमत्तेची यादी, प्रत्येकीच्या अंदाजे किमतीसह जोडावी लागते आणि ती खरी आहे म्हणून सही करावी लागते. मी अशा याद्या पाहिल्या आहेत. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक या एका पानामुळे. माणूस गरीब असतो, पण लाजेने किंवा भीतीने एखादी गोष्ट लिहायची राहते, आणि समोरचा वकील तीच काढून दाखवतो. मग खरं गरीब असूनही माणूस खोटा ठरतो.

‘माझ्या नावावर काहीच नाही’ असं तुम्ही म्हणता. गोव्यात हे वाक्य कोर्टात लिहायच्या आधी थांबा. आपल्याकडे अजून पोर्तुगीज काळापासून आलेला नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि अर्धा हिस्सा बायकोचा असतो. सासऱ्यांकडून मिस्टरांकडे आलेल्या घरातही तुमचा अर्धा वाटा निघू शकतो. महाराष्ट्रातल्या बाईला जे लिहावं लागत नाही ते तुम्हाला लिहावं लागेल: ‘पतीच्या नावावरील राहत्या घरात अविभाजित अर्धा हिस्सा, त्या घरात कुटुंब राहते.’ याने अर्ज बुडतो असं नाही. फीसाठी राहतं घर विकायला कोर्ट सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मथाई पैकेडे यांच्या प्रकरणात हा मुद्दा उलगडून सांगितला आहे: नेहमीच्या व्यवहारात कायदेशीर मार्गाने पैसे उभे करण्याची माणसाची ताकद किती, हे पाहायचं. नोकरी, उत्पन्न, बोजा नसलेली आणि विकता येईल अशी मालमत्ता, आणि डोक्यावरचं कर्जसुद्धा हिशेबात घ्यायचं. म्हणून कर्जाचे कागदही जोडा. ट्रकाच्या कर्जातलं काही राहिलं असेल तर ते, महिला मंडळाच्या गटातून घेतलेली उचल, पतसंस्थेचा हप्ता, सगळं.

काही वस्तू या हिशेबातून वगळल्या जातात. संहितेच्या कलम ६० प्रमाणे ज्यांवर जप्ती येत नाही त्या: अंगावरचे कपडे, घरची भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाई जे अंगावरून काढत नाही ते दागिने. मंगळसूत्र यात येतं. कपाटातल्या बांगड्या मात्र येतात असं धरू नका. ज्या रकमेसाठी तुम्ही भांडता आहात ते २ लाख ७० हजारही तुमच्या साधनांत धरायचे नाहीत. वगळायच्या वस्तूसुद्धा यादीत लिहा आणि पुढे ‘जप्तीतून वगळलेली’ असा शेरा द्या. तुमचं पान साधारण असं होईल: घरगुती भांडी, वगळलेली. डब्यांसाठीची मोठी पातेली, दोन शेगड्या, स्टीलचे डबे, जुनी किंमत. स्कूटर असली तर तिचं वर्ष आणि आज विकली तर काय येईल ते. बँकेच्या पासबुकात आज असलेली शिल्लक. गोवा सरकारच्या गृहआधार योजनेचे दर महिन्याला १,५०० रुपये येत असतील तर तेही लिहा. ते लपवू नका, उलट त्या योजनेचं मंजुरीपत्र जोडा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेल्या बाईलाच ती योजना मिळते, त्यामुळे तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

अर्ज द्यायला तुम्ही स्वतः जायचं असतं. नंतर कोर्ट सरकारी वकिलांना आणि कंत्राटदाराला नोटीस काढतं, निदान दहा दिवस आधी. फी सरकारची असते, म्हणून सरकारला विचारणं भाग असतं. चौकशीच्या दिवशी तुम्हाला उभं करून विचारतील: घरात कोण कमावतं, मिस्टर आता काय करतात, डब्यांतून महिन्याला किती सुटतात, सोनं किती, मुलांच्या शाळेचे पैसे कोण भरतं, गेल्या वर्षी चतुर्थीला नवं काही घेतलंत का. शेवटचा प्रश्न ऐकून रागावू नका. सरळ, थोडक्यात, यादीत लिहिलं तेच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाजाने आकडा ठोकू नका.

अर्ज फेटाळला जाण्याची आणखी दोन कारणं मी मुद्दाम सांगते, कारण गावात ती सर्रास घडतात. अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत तुम्ही फसवणुकीने किंवा निर्धन दिसण्यासाठी काही विकलं किंवा कुणाच्या नावे केलं, तर अर्ज जातो. ‘बांगड्या बहिणीकडे ठेव, नंतर घे’ असा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. दुसरं, कुणीतरी पुढे होऊन म्हणतो, ‘केसचा खर्च मी करतो, आलेल्या पैशांतले अर्धे मला दे.’ असा करार असला तरी परवानगी मिळत नाही. आणि मिळाली असली तरी पुढे काढून घेतली जाते.

परवानगी मिळाली की तो अर्जच दाव्याचा कागद ठरतो. कोर्ट फी लागत नाही, समन्स बजावण्याची फीही लागत नाही, आणि वकील नसेल तर कोर्ट नेमून देऊ शकतं. नाकारली तर त्या आदेशावर अपील करता येतं, किंवा फी भरायला कोर्टाकडून वेळ मागता येतो. त्या वेळात फी भरलीत तर दावा मूळ अर्जाच्या तारखेलाच घातला असं मानतात. तेव्हा अर्ज फेटाळला म्हणजे सगळं संपलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मध्ये आणखी एक छोटी वाट आहे. थोडी फी जमली असेल तर तेवढी भरून दावा दाखल करायचा आणि उरलेल्या फीसाठी संहितेच्या कलम १४९ खाली मुदत मागायची. द्यायची की नाही हे न्यायाधीशांच्या हाती असतं, पण मुदत संपायला चार दिवस उरले असतील तेव्हा हाच उपाय वाचवतो.

स्वतः केस चालवता येईल का? येईल. पक्षकाराने स्वतः कोर्टात उभं राहायला कायद्याने पूर्ण मोकळीक आहे आणि तुम्हाला कुणी परत पाठवू शकत नाही. तरी तुमच्या प्रकरणात मी ते सुचवणार नाही. आपल्याकडे दिवाणी कोर्टाचं कागदपत्र इंग्रजीत चालतं. दाव्यात कोणत्या महिन्याची बाकी किती, व्याज कुठपासून, आलेले पैसे कोणत्या बिलापोटी धरले, हे चुकलं की नंतर दुरुस्त करायला स्वतंत्र अर्ज करावे लागतात. आणि खरी कसोटी उलटतपासणीची. सुपरवायझर साक्षीला आला आणि ‘सही माझी नाही’ म्हणाला, तर त्याला काय विचारायचं हे रोज तेच काम करणाऱ्यालाच सुचतं. मोफत वकील हक्काने मिळत असताना एकटीने ही लढाई करू नका. वकील असले तरी तारखांना शक्य तेव्हा जा आणि आज काय झालं ते वहीत टिपून ठेवा. आणि दावा घालताना मिस्टरांनाही वादी करायचं का, हे वकिलांना आधीच विचारा, कारण पैसे सामाईक मालमत्तेत जात असले तर कंत्राटदार तोच मुद्दा काढेल. त्यांना घेतलं तर आदेश ३३ च्या चौकशीत त्यांची कमाईही पाहिली जाईल, हे लक्षात ठेवूनच ठरवा.

व्याजाबाबत एक सावधगिरी. दाव्याच्या तारखेपर्यंतचं व्याज धरून रक्कम ३ लाखांवर गेली, तर असा माल-सेवेचा वाद व्यावसायिक न्यायालयाच्या कायद्याखाली जाऊ शकतो. मग तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची होते. ते वाईटच असं नाही, पण माहीत नसताना साध्या कोर्टात दावा घातला तर तो परत येतो, आणि तुमच्याकडे वाया घालवायला वेळ नाही. तुमची रक्कम त्या रेषेच्या जवळ आहे. व्याजाचा आकडा वकिलांबरोबर बसून ठरवा.

लोकअदालतीचं नाव तुम्ही काढलं नाहीत, तरी विचार करा. दावा घालायच्या आधीही विधी सेवा समितीमार्फत कंत्राटदाराला लोकअदालतीत बोलावता येतं, आणि त्याला फी नसते. कोर्टाचा कागद आला की वायदे करणारी माणसं बऱ्याचदा हप्ते बांधून द्यायला तयार होतात. तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. दावा घातल्यानंतर तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तो आला नाही किंवा ऐकला नाही तर लोकअदालत त्याच्यावर काही लादू शकत नाही, आणि तिची तारीख घेतली म्हणून तुमची मुदत वाढत नाही. एक तारीख द्या, फार तर दोन. तिसऱ्या तारखेची वाट न बघता दावा दाखल करा. तिथे आकडा ठरवताना सगळी बाकी सोडून ‘मिळेल ते घ्या’ म्हणणाऱ्यांच्या दबावाखाली येऊ नका. तुम्हाला पटत नसेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि नाही म्हटल्याने पुढच्या दाव्यात तुमचं नुकसान होत नाही.

आता शेवटचा प्रश्न, हरलात तर काय. आदेश ३३ ची सूट म्हणजे फी कायमची पुसली असं नसतं, ती पुढे ढकललेली असते. जिंकलात तर कोर्ट फीचा हिशेब करतं आणि ज्याच्यावर टाकेल त्याच्याकडून सरकार ती वसूल करतं. सहसा ती हरलेल्या कंत्राटदारावर पडते, पण तोपर्यंत मिळालेल्या रकमेवर सरकारचा पहिला हक्क राहतो. हरलात तर फी तुम्हाला भरायला सांगतात. शिवाय दोन्ही वाटांत समोरच्याचा खर्च देण्याचा आदेश होण्याची शक्यता असते. हे मी लपवणार नाही. पण तुमच्याकडे आठ महिन्यांची वही आहे, रोजची सही आहे, आणि सुरुवातीला आलेले पैसे आहेत. व्यवहार झालाच नाही असं म्हणायला त्याला ते पैसे आडवे येतील. ते बँकेतून आले असतील तर त्या महिन्यांचं स्टेटमेंट आजच काढून घ्या. माझ्या मते हा दावा घालण्यासारखा आहे.

याच आठवड्यात डिचोलीला जा. कोर्टात विधी सेवा समितीची खोली विचारा. जाताना आधार कार्ड, पासबुक, मोबाईल आणि वहीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स घ्या. मूळ वही दाखवायला न्या, पण कुणाकडेही ठेवून येऊ नका: कंत्राटदाराच्या माणसाकडे नाही, ‘हिशेब तपासून देतो’ म्हणणाऱ्याकडे नाही, वकिलाच्या कारकुनाकडेही पोच घेतल्याशिवाय नाही. ती कोर्टात दाखल होईल त्या दिवशीच हातातून सोडायची.